आईची फर्माइश

मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीच्या घरात रेडिओ आला तो डोनामुळे, आणि डोना आली ती मिरच्यांमुळे. आईने तिथे पहिल्यांदा ठेचा परतला तेव्हा कॉरिडॉरमधला धुराचा अलार्म कोकलायला लागला, सगळी बिल्डिंग कोट चढवून खाली बर्फात जाऊन उभी राहिली, आणि आई बिचारी हातात झारा घेऊन सगळ्यांना सॉरी सॉरी म्हणत फिरत होती. खालच्या मजल्यावरची डोना शाळेच्या कॅन्टीनमध्ये उभा जन्म काढून रिटायर झालेली. गुडघ्यांनी बेजार, पण आवाज खणखणीत. ती आईजवळ आली आणि म्हणाली, हा वास कशाचा ते दाखवलंस तर माफ करीन. आईने संध्याकाळी वाटीभर ठेचा नेऊन दिला. डोनाने तो कसा खाल्ला देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती एका जुन्या रेडिओच्या डोक्यावर बसून. स्वयंपाकघरात एकटीने राबायचं तर कुणीतरी बोलणारं हवं, असं तिचं म्हणणं होतं.

रेडिओ फ्रीजवर बसला. त्याच्यावर एकच स्टेशन धड लागायचं, कंट्री गाण्यांचं. काटा जरा सरकवला की नुसती खरखर. मी चौदा वर्षांची होते, आणि शाळेत ज्या मुलींच्या टेबलाशी बसायला मिळावं म्हणून मी जीव टाकत होते त्या कंट्रीचं नाव काढलं तरी नाक मुरडायच्या. म्हणून मीही मुरडायची. हॅट घातलेले बाप्ये, त्यांचे ट्रक, त्यांची कुत्री आणि सोडून गेलेली बायको, दुसरं असायचं काय त्यात? आईला मात्र ती गाणी आठवड्याभरातच आवडायला लागली. का, तर म्हणे शब्द न् शब्द कळतो. तुझ्या त्या गाण्यांत माणसं नुसती भांडत असतात, हे बघ कसे सावकाश सांगतात, कुठून निघाले, कुठे चालले, घरी कोण आहे. आईचं निम्मं इंग्रजी त्या फ्रीजवरून खाली उतरलंय. आता तिने साठी ओलांडली, तरी अजून तिचे काही शब्द असे लांबतात की माझा नवरा म्हणतो, तुझी आई कराडची नाही, टेनेसीची आहे. आईला ते ऐकून बरं वाटतं.

त्या वर्षी टेट आणि नोरीन नावाच्या जोडीचं एक गाणं निघालं होतं आणि ते दिवसातून इतक्यांदा लागायचं की मला झोपेतसुद्धा पाठ झालं. प्रेमाचंच गाणं, पण त्यात चंद्र-तारे काही नव्हते. तो ट्रक घेऊन दूर कुठेतरी गेलेला. तो म्हणतो, अजून दोन राज्यं ओलांडायचीत, रस्त्यावर बर्फ आहे, तू आपली झोप. ती म्हणते, ताट झाकून ठेवलंय, मी आहे जागी. एवढंच. मग शेवटचं कडवं दोघं मिळून म्हणायचे, तो खाली खर्जात आणि ती वर, दोघांचे सूर वेगळे आणि तरी एकत्र चाललेले. आपल्याकडे दोघं गातात तेव्हा एक जण थांबतो, नाहीतर दोघं एकच सूर धरतात. आईने असलं काही आधी ऐकलेलंच नव्हतं. पोळी लाटता लाटता तिचं लाटणं थांबायचं, तव्यावरची पोळी करपायची आणि मी ओरडायची. 'एकाच वेळी दोघं वेगवेगळं बोलतायत आणि भांडण नाही,' आई म्हणायची. 'संसार असावा तर असा.' एकदा डोनाने सांगितलं, की टेट आणि नोरीन नवरा-बायको नाहीतच. त्याची बायको वेगळी, तिचा नवरा वेगळा, हे दोघं नुसते गातात. आईने ते साफ उडवून लावलं. डोना गेल्यावर मला म्हणाली, 'हिला काय माहीत? असं काय नुसतं गाता येतं होय?'

आता बाबांचं सांगते. आई बाबांचं नाव घेत नसे. तिची आई घेत नसे, सासू घेत नसे, म्हणून ही घेत नसे, आणि त्याचा तिला काही जाच वाटत नसे. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या पुण्या-मुंबईच्या बायका नवऱ्याला खुशाल अरेतुरे करायच्या, भर हॉलमध्ये 'ए संदीप, कारची किल्ली दे' म्हणून ओरडायच्या, आणि आईला चिडवायच्या, की अमेरिकेत येऊनसुद्धा तू अजून अहोच्या पुढे जात नाहीस. आई हसायची. तिच्या 'अहो'चे नाना प्रकार होते. चहा झाल्याचं अहो वेगळं, पाहुणे आल्याचं वेगळं, रागाचं तर इतकं छोटं की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून उठायचेच. दुसऱ्यांशी बोलताना ते 'हे' असायचे, नाहीतर 'मिनूचे बाबा'. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात तेवढं नाव यायचं, वर्षातून एकदा, राव लावून. डॉक्टरकडे, शाळेत, बँकेत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की आई मला कोपराने ढोसायची आणि मी म्हणायची, सुधीर. लहानपणापासून ते माझं कामच होतं. एकदा मी वैतागून विचारलं, की नाव घेतलं तर काय होतं गं? तर म्हणाली, 'अगं, नावाने हाक लोकांना मारायची. आपल्या माणसाला नाव कशाला लागतं?'

तर ते आपलं माणूस तेव्हा सांता क्लाराला होतं. बाबांच्या कंपनीने ईडन प्रेरीतली माणसं कमी केली, त्यात त्यांची नोकरी गेली, आणि व्हिसा टिकवायचा तर पटकन दुसरी हवी म्हणून मिळालं ते कॅलिफोर्नियातलं प्रोजेक्ट त्यांनी घेतलं. सहा महिन्यांचा प्रश्न आहे, ते म्हणाले. माझी शाळा कुठे हलवायची, म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो. सहा महिने झाले, मग आणखी सहा. सुरुवातीला बाबा दर पंधरवड्याला यायचे. शुक्रवारी संध्याकाळी जिन्यावर त्यांची शीळ ऐकू आली की मी अनवाणी कॉरिडॉरमध्ये धावायची, आणि ते बॅगेतून काय काढायचे तर कढीपत्ता. सांता क्लाराच्या इंडियन दुकानात ताजा मिळायचा, आमच्याकडे वाळकुंडा. आई त्या पिशवीत नाक खुपसून उभी राहायची. घर कढीपत्त्याने आणि बाबांच्या मोठमोठ्या शिंकांनी भरून जायचं. रविवारी ते गेले की मी कोटांच्या कपाटात त्यांच्या जुन्या जाकिटाला तोंड लावून उभी राहायची. चौदा वर्षांच्या मुलीने असं करायचं नसतं, म्हणून दार लावून घ्यायची.

मग पंधरवड्याचा महिना झाला. महिन्याचा, बघू कसं जमतं ते झालं. डेडलाइन आहे रे, तिकीट कॅन्सल केलं, पुढच्या वेळी नक्की. मला ते 'रे' म्हणायचे लाडाने. फोनवर बाबा चांगलं बोलायचे, माझ्या गणिताची चौकशी करायचे, आईला हवापाणी विचारायचे. पण बोलताना मधेच थांबायचे, जणू दुसरीकडे कुठेतरी दार उघडंय आणि त्यांचं लक्ष तिकडे आहे. आई म्हणायची, दमतात गं, एकटा पुरुष, बाहेरचं खातात. आणि त्यांचं आवडतं काहीतरी करायला घ्यायची, जसं काही ते संध्याकाळीच येणार आहेत. थालीपीठ, भरली वांगी, मेतकूट-भात. आम्ही दोघी जेवायचो आणि उरलेलं आई फ्रीजमध्ये ठेवायची. मी आईचं तेव्हाचं वय नुकतंच ओलांडलं. अडतिसाव्या वर्षी एखाद्या माणसासाठी असं आतून झुरता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं आईला फक्त स्वयंपाकाची हौस आहे.

त्या दिवाळीला बाबा आले नाहीत. आईने चकल्या केल्या, त्यांच्यासाठी डबा भरला, पोस्टाने पाठवायचा तर चुरा होईल म्हणून तो तसाच ठेवला. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस असायचा. तेव्हाही जमणार नाही असं बाबांनी आधीच सांगून टाकलं. हे कळलं त्या दिवशी आई खाली डोनाकडे जाऊन बसली, आणि वर आली ती डोळ्यांत काहीतरी बेत घेऊन.

आमच्या त्या स्टेशनवर संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला एक कार्यक्रम लागायचा. लोक फोन करायचे, आपल्या माणसासाठी गाणं मागायचे, आणि बड नावाचा घोगऱ्या आवाजाचा एक माणूस त्यांच्याशी गोड गोड बोलून ते गाणं लावायचा. आईला हे काही नवीन नव्हतं. कराडला असताना ती रेडिओला फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवायची. तिच्या सगळ्या मैत्रिणींची नावं कधी ना कधी वाचली गेली होती, हिचं कधीच नाही. आठवड्यामागून आठवडे ती रेडिओला कान लावून बसलेली, नाव यायचं ते शेजारच्या गल्लीतल्या कुणाचंतरी. ही गोष्ट ती हसत सांगायची, पण बऱ्याचदा सांगायची. आता डोनाने तिला भरीला घातलं होतं, की वाढदिवसाला टेट आणि नोरीनचं गाणं माग तुझ्या नवऱ्यासाठी, आणि मिनूला सांग त्याला फोन लावून रेडिओजवळ धरायला. मी म्हटलं, आई, प्लीज, माझ्या शाळेतल्या कुणी ऐकलं तर मी मरेन. ती म्हणाली, तूच सांगतेस ना, की तुमच्यातलं कुणी हे स्टेशन ऐकत नाही म्हणून? मग तर झालं.

लग्नाच्या वाढदिवशी आईने संध्याकाळी चांगला ड्रेस घातला. रेडिओवर बोलायला! केस विंचरले, पावडर लावली. आपल्याला काय म्हणायचंय ते इंग्रजीत चारदा घोकून झालं. मी फोन लावून द्यायला बसले, तर म्हणाली, 'तू नको इथे. तुझ्यासमोर मला नाही बोलता येणार.' आणि फोन घेऊन बेडरूममध्ये गेली, दार लावलं. नावासाठी कोपराने ढोसायला मी शेजारी नव्हते, हे तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. बाहेर आली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती. त्याने टेप करून घेतलंय, जाहिरातींनंतर लावणार आहे, लाव ह्यांना फोन, लाव लवकर.

मी सेल फोनवरून बाबांना लावला. सांता क्लाराला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील, ते ऑफिसातच होते. मी म्हटलं, बाबा, काही बोलू नका, फक्त ऐका, आईचं सरप्राइज आहे. आणि खुर्चीवर चढून फोन रेडिओला लावून धरला. जाहिराती संपल्या. बड म्हणाला, ईडन प्रेरीहून एका बाईंचा फोन आलाय. मग एकदम आईचा आवाज फ्रीजवरून यायला लागला, बारीक, घाईघाईचा, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा. धिस साँग इज फॉर माय... आणि ती अडकली. बडने विचारलं, नाव काय त्याचं? रेडिओवर शांतता. मला खुर्चीवर उभ्या उभ्या तिची ती शांतता ओळखू आली. टेप होताना आईने बेडरूममध्ये रिकाम्या हवेत कोपर मारलं असणार. मग आवाज आला, 'मिनूज फादर.' बडचा आवाज मऊ झाला. मिनूचे बाबा आज कुठे आहेत? कॅलिफोर्निया. घरी येणार आहेत का ते? आय डोन्ट नो, आई म्हणाली. आय ॲम वेटिंग.

आता बडच्या जागी मंडळातले कुणी काका असते तर त्यांना कळलं असतं. पण त्या बिचाऱ्याच्या भाषेत नवऱ्याला कुणी माझ्या मुलीचा बाप म्हणत नाही. नवरा राहिला नसेल तरच म्हणतात. तो हळूच म्हणाला, मिनूचे बाबा, कॅलिफोर्नियात जिथे कुठे असाल तिथे, तुमच्या दोघांत काय झालं ते मला माहीत नाही, तुम्ही का सोडून गेलात तेही विचारत नाही. पण इथे एक चांगली बाई अजून तुमची वाट बघतेय. तुम्हाला घराचा रस्ता माहीत आहे. आणि गिटार सुरू झाली. आईला ते घोगऱ्या, दबक्या आवाजातलं काही उमगलं नव्हतं. ती आपला स्वतःचा आवाज ऐकण्यात गुंग होती, ओढणी तोंडाशी धरून लहान पोरीसारखी हसत होती. मला मात्र सगळं कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन कानाला लावला, बाबांना सांगायला, की अहो त्याचा गैरसमज झालाय. तिकडे बाबांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, 'मिनू, आईला कुणी सांगितलं?'

मी म्हटलं, काय कुणी सांगितलं? रेडिओवर टेट आणि नोरीन दोघं एकदम गायला लागले होते. बाबा म्हणाले, 'मी फोन करतो तुम्हाला,' आणि फोन ठेवला. मी तो कानाला तसाच लावून खुर्चीवर उभी राहिले, गाणं संपेपर्यंत. आई खालून हात वर करून मागत होती, दे गं, मला दे. फोन हातात घेऊन 'अहो' म्हणाली. ते लांब, गोड अहो मी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. पलीकडे कुणी नव्हतं. कट झाला वाटतं, मी म्हटलं. ऐकलं का पण त्यांनी? ऐकलं. काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, त्यांना बोलवेना. ते तर खरंच होतं. आई म्हणाली, 'लाजले असतील. ऑफिसात होते ना.' आणि भात लावायला गेली, गुणगुणत.

दुसऱ्या दिवशी डोना आली ती हातात भलंमोठं गरम भांडं घेऊन. मिनेसोटातली माणसं कुणाच्या घरी मयत झालं, अपघात झाला की असं एक बटाट्यांचं, चीजचं ओव्हनमधलं काहीतरी घेऊन दारात उभी राहतात. आई मांस खात नाही म्हणून तिने त्यात नुसत्या श्रावणघेवड्याच्या शेंगा घातल्या होत्या. भांडं खाली ठेवून तिने आईला मिठी मारली आणि सोडीचना. मला कल्पना नव्हती गं, ती म्हणाली, मला वाटलं तो कामासाठी गेलाय. माझाही असाच गेला होता, आणि मीही सगळ्यांना कामासाठी गेलाय म्हणून सांगायची. आईला काही कळेना. मी समजावलं, की तिला असं असं वाटतंय. आईने डोनाला कसंबसं सांगितलं, नो नो, ही इज गुड, ही इज माय हजबंड ओन्ली. डोनाने मान हलवली, पण तिचा विश्वास काही बसला नाही. ती गेल्यावर आई सोफ्यावर पडून पोट धरधरून हसली. 'अगं, तिला वाटलं ह्यांनी मला टाकलंय!' डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि सांता क्लाराला फोन लावला, ही गंमत बाबांना सांगायला. बाबांनी उचलला नाही.

मी त्या प्रश्नाचा अर्थ लावत बसले होते. आईला कुणी सांगितलं. काय सांगितलं? मला वाटलं, नोकरी गेली असेल पुन्हा, आणि बाबा लपवत असतील. हे मी घट्ट धरून ठेवलं. इंग्लिशच्या तासाला, बसमध्ये, अंथरुणात, मी मनातल्या मनात बाबांची नोकरी घालवत होते. नोकरी गेली तर आपण कराडला परत जाऊ, तिघं, त्यात काय एवढं? आणि दुसरं काहीतरी माझ्या अगदी जवळ येऊन उभं राहायचं, त्याच्याकडे मी बघायचीच नाही.

मग बाबांचा फोन आला, की थँक्सगिव्हिंगला येतोय. आईचे पाय जमिनीवर ठरेनात. गाण्यानेच आणलं बघ त्यांना, ती मला म्हणाली, आणि खाली जाऊन डोनालाही सांगून आली. पुरणपोळी करायचं ठरलं, दिवाळी राहिली होती ना त्यांची. डाळ शिजली, पुरण वाटलं, कटाची आमटी उकळली, जायफळाचा वास पार जिन्यापर्यंत गेला. आईने पडदे धुतले. मला बाथरूम घासायला लावलं. तिने लग्नातली मोरपिशी साडी काढली, मग जास्तच दिसेल म्हणून ठेवली, मग पुन्हा काढली. मला विचारलं, कशी दिसते? मी म्हटलं, छान. खरंच सुंदर दिसत होती ती. तशी ती मला पुन्हा कधी दिसली नाही, आणि ह्या वयातही तिचा फोटो काढायला हवा होता असं मला सारखं वाटतं.

बाबा दुपारी आले. जिन्यावर शीळ नव्हती. दार उघडलं आणि ते आत पायपुसण्यावर उभे राहिले, कोटासकट, बुटांसकट. आई म्हणाली, अहो, या ना आत. ते तिथेच. त्यांचा चेहरा ओढलेला होता, दाढी वाढलेली, आणि मला त्यांच्याकडे धावत जावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही. ते मला म्हणाले, मिनू, जरा डोनाकडे जाऊन बसतेस? आई म्हणाली, कशाला? बसू दे की. मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. तुला कळलंय हे मला त्या दिवशी रेडिओवर समजलं, ते म्हणाले, मीच आधी सांगायला हवं होतं. तिथे त्यांच्या ऑफिसात एक बाई होती. वर्ष होऊन गेलं होतं. ते आता परत येणार नव्हते. आम्हा दोघींचा व्हिसा त्यांच्याच व्हिसाला बांधलेला होता, म्हणून ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कागदोपत्री काही बदलणार नाही, माझ्या शाळेला धक्का लागणार नाही, असंही सांगितलं. सगळं पाठ करून आल्यासारखं, खाली मान घालून. बाबा वाईट माणूस नव्हते, आजही मी तसं म्हणू शकत नाही, आणि म्हणता येत नाही म्हणून जास्त त्रास होतो.

आई टेबलाला धरून उभी होती. 'मला कुठे काय कळलं होतं?' ती म्हणाली. 'मी वाट बघत होते. तेवढंच सांगितलं मी त्या माणसाला.'

बाबांनी वर बघितलं. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा समजलं असावं. हे त्यांनी न सांगताही चाललं असतं. आईला आणखी कितीतरी दिवस, कदाचित वर्ष, वाट बघत काढता आलं असतं. माझ्या मनात तेव्हा हेच आलं, की का बोललात, बाबा? बोलला नसतात तर ती पुढच्या शुक्रवारीही थालीपीठ लावून बसली असती, मी कपाटात जाकीट हुंगत बसले असते, आणि आमचं बरं चाललं होतं. मला ते वाट बघणं परत हवं होतं. अजूनही कधीकधी हवं असतं. बाबा तोंडावरून हात फिरवून दाराकडे वळले, त्यांनी कडीला हात घातला.

'सुधीर,' आई म्हणाली.

मी चमकून मागे बघितलं, आत दुसरं कोण आलं म्हणून. बाबाही थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव तिच्या तोंडून उखाण्याबाहेर ऐकलेलं नव्हतं. ती चिडून बोलली नव्हती. आवाज चढलेला नव्हता. मंडळात एखाद्या ओळखीच्या मुलाला हाक मारावी इतक्या सहज ती म्हणाली, 'सुधीर, लांबून आलायस. जेवून जा.'

बाबांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी वाकून बूट काढले, कोट काढला, हात धुतले आणि टेबलाशी बसले. आईने तीन ताटं घेतली. मीठ, लिंबू, भजी, भात, आमटी, सगळं जिथल्या तिथे वाढलं. त्यांच्या पानात गरम पोळी टाकली. बाबा खाली मान घालून घास चिवडत होते, आणि मी आईच्या तोंडाकडे बघत होते. एकच 'अहो' यावं. कसलंही, रागाचं, चहाचं, कसलंही चाललं असतं. ते आलं असतं तर मी जिना उतरून डोनाला सांगून आले असते, की सगळं ठीक आहे, तुझं आपलं काहीतरीच. आई तुपाची वाटी घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि चमचा भरून थांबली.

'तूप घे, सुधीर,' ती म्हणाली.